काटापट्टीवरून घेतलेली परीक्षा : राळेगाव तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीने प्रोग्रामर कसा निवडला

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीचे कापूस संकलन केंद्र आहे. सभासदांचा कापूस तेथे वजनकाट्यावर मोजला जातो, ओलावा पाहिला जातो, हिशोबपट्टी (वजन आणि रकमेची पावती) निघते, आणि पुढे भाड्याने घेतलेल्या जिनिंगमध्ये सरकी व रुई वेगळी होऊन गाठी बांधल्या जातात. वेचणीला जोर आला की गाड्यांची रांग लागते आणि दिवाळीनंतरचे काही आठवडे काटा रात्री उशिरापर्यंत चालतो. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, ओलावा, दर, आधी दिलेली उचल आणि शेतकऱ्याच्या खात्यात जमा करायची रक्कम या सगळ्यांची नोंद एका संगणक प्रणालीत होते. ही प्रणाली एका बाहेरच्या कंत्राटदाराने पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून लिहून दिली होती. कंत्राट संपल्यावर तो निघून गेला आणि प्रणाली सांभाळण्यासाठी कंपनीने स्वतःचा प्रोग्रामर नेमायचे ठरवले. पद एकच होते. ज्याला अडचण विचारता येईल असा वरिष्ठ किंवा सहकारी कार्यालयात कोणीच नव्हता, आणि हीच परिस्थिती या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

दुसऱ्या निवडीच्या वेळी तांत्रिक सदस्य म्हणून मी समितीत होतो. उमेदवारांची ओळख पटू नये म्हणून त्यांची नावे दिलेली नाहीत आणि काही तपशील मोघम ठेवले आहेत. कंपनीचेही नाव तिच्या इच्छेनुसार दिलेले नाही.

पहिली निवड

२०२४ च्या पावसाळ्यात झालेली पहिली निवड बहुतेक ठिकाणी होते तशीच झाली. पदवी, टक्केवारी आणि अनुभवाची वर्षे पाहून अर्जांची छाननी झाली आणि व्हिडिओ कॉलवर मुलाखती घेण्यात आल्या. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगची चार तत्त्वे कोणती, डेटाबेसचे नॉर्मलायझेशन म्हणजे काय, लिंक्ड लिस्ट उलटी कशी करतात, असे प्रश्न एका ओळखीच्या प्राध्यापकांनी काढून दिले होते. सारख्या दिसणाऱ्या नऊ चेंडूंपैकी जड असलेला एक चेंडू तराजूवर दोनदाच वजन करून कसा शोधाल, हे कोडे शेवटी प्रत्येकाला घातले गेले. सर्वांत सफाईदार आणि बऱ्यापैकी इंग्रजीत उत्तरे देणारा तरुण निवडला गेला.

नोव्हेंबरमध्ये दोन काट्यांवर एकाच वेळी काम सुरू झाले आणि एकाच क्रमांकाच्या दोन पट्ट्या निघू लागल्या. कारण कोडमध्ये होते. नवी पट्टी काढताना प्रणाली आतापर्यंतचा सर्वांत मोठा क्रमांक वाचून त्यात एक मिळवत असे. दोन्ही काट्यांवरच्या लिपिकांनी एकाच क्षणी बटण दाबले की दोघांनाही तोच मोठा क्रमांक दिसे आणि दोघांच्याही पट्टीवर तोच पुढचा क्रमांक छापला जाई. बँकेकडे जाणारी यादी तयार होताना त्यांपैकी एक नोंद दुबार समजून वगळली जाई, आणि ज्याचा कापूस आधीच जिनिंगमध्ये गेला आहे असा शेतकरी पैशांसाठी खेटे घालत राही. नव्या प्रोग्रामरला हे कारण सापडले नाही. दोन्ही लिपिकांनी आळीपाळीने बटण दाबावे, अशी सूचना त्याने काढली. गर्दीच्या रात्री ती पाळणे शक्यच नव्हते. हंगाम संपण्याआधी तो नोकरी सोडून गेला.

या तरुणाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. जे विचारले गेले त्याची उत्तरे त्याने प्रामाणिकपणे दिली होती. दुसऱ्याने लिहिलेला, चालू असलेला आणि बिघडलेला प्रोग्राम त्याच्यासमोर कोणी ठेवलाच नव्हता. चेंडूंच्या कोड्याबद्दल तर जुना अनुभव उपलब्ध होता. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितले होते की अशा कोड्यांतून उमेदवाराच्या कामाबद्दल काहीही कळत नाही आणि ती विचारण्यात वेळ वाया जातो.

संशोधन काय सांगते

निवडीच्या पद्धती आणि पुढचे प्रत्यक्ष काम यांचा संबंध किती असतो, यावर मानसशास्त्रात बरेच संशोधन झाले आहे. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये त्या आधीच्या ८५ वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेण्याचा पुढच्या कामाशी सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.५४, ठरावीक प्रश्नांच्या आखीव मुलाखतीचा ०.५१, सैल गप्पांसारख्या मुलाखतीचा ०.३८, अनुभवाच्या वर्षांचा ०.१८ आणि शिक्षणाच्या वर्षांचा ०.१० आला. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आकडेमोडीतील एक दुरुस्ती अतिरेकी असल्याचे दाखवून बहुतेक आकडे खाली आणले. त्यांच्या मांडणीत आखीव मुलाखत ०.४२ वर सर्वांत पुढे आहे, कामाच्या ज्ञानाची चाचणी ०.४० वर आहे, कामाचा नमुना ०.३३ वर आहे, सैल मुलाखत ०.१९ पर्यंत आणि अनुभवाची वर्षे ०.०७ पर्यंत घसरली आहेत.

या आकड्यांचा अर्थ संचालकांना सांगताना मी नम्रतेवर भर दिला. ०.३३ चा वर्ग सुमारे ०.११ होतो, म्हणजे माणसामाणसांच्या कामातील फरकापैकी जेमतेम अकरा टक्के फरक या एका कसोटीने आधी कळतो. कोणतीही परीक्षा घेतली तरी निवडीत बराच भाग अंधारातच राहणार. मात्र ज्या दोन गोष्टींवर आपण पहिल्या वेळी छाननी केली, त्यांपैकी अनुभवाची वर्षे दोन्ही आढाव्यांत आणि शिक्षणाची वर्षे पहिल्या आढाव्यात तळाशीच आहेत, आणि आखीव मुलाखत व कामाचा नमुना हे दोन्ही आढाव्यांत त्यांच्यापेक्षा बरेच वर आहेत.

आधी काम, मग प्रश्न

समितीच्या पहिल्या बैठकीत एका ज्येष्ठ संचालकांनी जे सांगितले, त्यावरून पुढची सगळी आखणी झाली. ते म्हणाले, “रात्री काटा चालू असते, पट्टी निघत नाही, शेतकरी गाडी धरून उभा राह्यते. तवा हे पोरगं काय करन, ते पाहा भाऊ.”

त्यामुळे प्रश्न काढण्याआधी काट्यावरचे लिपिक, हिशोबनीस आणि व्यवस्थापक यांच्याशी बोलून आदल्या हंगामात प्रोग्रामरकडे आलेल्या तक्रारी एकत्र केल्या. त्या वाचल्यावर लक्षात आले की अगदी नव्याने कोड लिहिण्याचे प्रसंग फारच थोडे होते. दुसऱ्याचा कोड वाचणे, तोंडी सांगितलेला नियम हिशोबात बसवणे, “नाव येत नाही साहेब” एवढ्याच तक्रारीवरून कारणापर्यंत पोहोचणे, हंगामाच्या मध्यावर दुरुस्ती करताना चालू असलेले काम न मोडणे, आणि काय झाले ते हिशोबनिसाला कळेल अशा मराठीत सांगणे, हेच खरे काम होते. लिंक्ड लिस्ट उलटी करण्याची गरज वर्षभरात एकदाही पडली नव्हती.

प्रोग्रामरांच्या निवडीत साधी चाळणी लावण्याची कल्पना जुनी आहे. २००७ मध्ये इम्रान घोरी यांनी फिझबझ नावाचा छोटा प्रश्न सुचवला आणि जेफ अ‍ॅटवुड यांच्या लेखनामुळे तो जगभर गेला. एक ते शंभर आकडे छापायचे, तीनच्या पटीला एक शब्द, पाचच्या पटीला दुसरा, आणि दोन्हींच्या पटीला दोन्ही शब्द छापायचे, एवढेच त्यात असते. ज्याला दहा ओळी लिहिता येत नाहीत त्याला बाजूला काढण्यासाठी तो ठीक होता. आज त्याचे उत्तर कोणतेही एआय साधन क्षणात देते, आणि आमच्यापुढचा प्रश्न दहा ओळींच्या पलीकडचा होता.

परीक्षा ऑनलाइन घ्यायची की केंद्रावर, यावर थोडी चर्चा झाली. कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणाऱ्या ऑनलाइन चाचणीत जोडणी तुटली की उमेदवारावर संशयाची खूण पडते, आणि आमचे बरेच अर्जदार गावातून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणारे होते. अशा चाचणीत टॉवरचीच परीक्षा झाली असती. घरी न्यायचे मोठे काम देणेही मला पटले नाही. नोकरी करणाऱ्या किंवा घरचे व शेतीचे काम सांभाळणाऱ्या उमेदवाराकडून चार-चार संध्याकाळी फुकट राबवून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मला ठामपणे वाटते. शेवटी उमेदवारांना केंद्रावर बोलावायचे, एसटीच्या वेळा पाहून साडेदहाला सुरुवात करायची, आणि प्रत्येकाला प्रवासभाडे व एका दिवसाचे मानधन द्यायचे असे ठरले. इन्व्हर्टरची सोय होतीच. स्वतःचा लॅपटॉप आणण्याची मुभा होती, इंटरनेट आणि एआय साधने वापरण्याचीही होती, कारण नोकरीत ती वापरायला मिळणारच होती. मात्र दुपारी समितीसमोर त्याच कोडमध्ये एक लहान बदल करावा लागेल, हे सर्वांना आधीच सांगितले होते. बोलण्यासाठी मराठी, हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी कोणतीही भाषा चालणार होती.

सकाळच्या तीन तासांत उमेदवाराच्या मागे कोणीही बसायचे नाही, हा नियम मी आग्रहाने करून घेतला. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील आणि मायक्रोसॉफ्टमधील संशोधकांनी २०२० मध्ये ४८ जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काहींनी परीक्षकासमोर फळ्यावर मोठ्याने विचार मांडत प्रश्न सोडवला, तर काहींनी तोच प्रश्न खोलीत एकट्याने सोडवला. परीक्षकासमोर बसलेल्यांची कामगिरी निम्म्याहून खाली गेली. परीक्षकासमोर बसलेल्या सर्व स्त्रिया अनुत्तीर्ण झाल्या आणि एकट्याने सोडवणाऱ्या सर्व स्त्रिया उत्तीर्ण झाल्या. नमुना लहान होता, हे खरे. तरीही, पहिल्यांदाच मुलाखतीला आलेल्या मुलीच्या खांद्यावरून चार संचालक पडद्याकडे पाहत आहेत, हे चित्र टाळण्याला तो पुरेसा आधार होता.

परीक्षेसाठी प्रणालीची एक प्रत तयार केली आणि त्यातील सर्व नावे, खाते क्रमांक व आधार क्रमांक काढून कल्पित माहिती भरली. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि तो नसता तरी शेतकऱ्यांची बँक खाती उमेदवारांच्या लॅपटॉपवर जाऊ देणे योग्य झाले नसते.

तीन कामे

पहिले काम ओलाव्याच्या कपातीचे होते. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीतील नियम येथे सर्वांच्या तोंडी आहे आणि कंपनीही तोच पाळते: ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असल्यास पूर्ण दर, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत टक्क्यामागे दरात एक टक्का कपात, आणि १२ च्या वर माल घ्यायचा नाही. व्यवस्थापकांनी हा नियम नेहमीच्या पद्धतीने, हाताने, तीन ओळींत लिहून दिला आणि तोच कागद उमेदवारांना दिला. अर्ध्या टक्क्याचे काय, रुपये-पैसे कोठे गोल करायचे, हे त्यात लिहिलेले नव्हते. ते मुद्दाम भरून काढू नये असे मी सुचवले होते, कारण प्रत्यक्षात नियम असेच अर्धवट येतात.

या रिकाम्या जागांचा परिणाम छोट्या उदाहरणातही दिसतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. ओलावा १०.५ टक्के असेल आणि अर्धा टक्का धरायचा असेल, तर अडीच टक्के कपातीनंतर दर ७,३३२.९७५ रुपये होतो. माल १८.४० क्विंटल असेल, तर शेवटी एकदाच गोल केल्यास १,३४,९२६ रुपये ७४ पैसे येतात, दर आधी पैशांपर्यंत गोल केल्यास १,३४,९२६ रुपये ८३ पैसे येतात, आणि दर पूर्ण रुपयात केल्यास १,३४,९२७ रुपये २० पैसे येतात. फरक पैशांचा आहे. पण हिशोबनिसाच्या वहीतला आकडा आणि पट्टीवरचा आकडा वेगळा निघाला की शेतकऱ्याचा सगळ्या यंत्रणेवरचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला पैशांपेक्षा पुष्कळ जास्त लागते. शिवाय संगणकात बरेच दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) नेमके बसत नाहीत. अपूर्णांक ठेवण्याच्या नेहमीच्या फ्लोट प्रकारात ८.१ मधून ८ वजा केले की ०.१ ऐवजी ०.०९९९९९९ असे काहीतरी हाती येते. म्हणून पैशांचा हिशोब पूर्णांकात, म्हणजे पैशांत, किंवा डेटाबेसच्या डेसिमल प्रकारात ठेवावा लागतो.

दुसरे काम पट्टी क्रमांकांच्या दुबारपणाचे कारण शोधण्याचे होते. ते कोड वाचून ओळखायचे आणि उपाय लिहायचा होता.

तिसरे काम एका तक्रारीचे होते आणि ती लिपिकाच्या शब्दांत दिली होती: “वऱ्हाडे नावाचा शेतकरी यादीत डोळ्यांना दिसतो, पण शोधलं की सापडत नाही.” आपल्या भागात हे रोजचे दुखणे आहे. या नावातील रफार नसलेला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि ह असतात. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आणि ह असतात. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात, आणि प्रमाणित युनिकोड नॉर्मलायझेशन (वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची प्रक्रिया) केले तरी ही दोन रूपे एक होत नाहीत. प्रणालीत नावांची तुलना बाइटनिहाय, म्हणजे साठवलेले चिन्ह अन् चिन्ह जुळवून, ठेवलेली होती, त्यामुळे एका कीबोर्डवर नोंदलेले नाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधता येत नव्हते.

प्रत्येक कामासाठी शून्य, एक, दोन आणि तीन गुण कशाला द्यायचे, हे परीक्षेआधी लिहून ठेवले होते. पहिल्या कामाला दुप्पट वजन दिले होते आणि त्यातील निम्मे गुण उमेदवार कोड लिहिण्याआधी काय विचारतो यासाठी राखले होते. एकट्याने काम करणाऱ्या माणसाने न विचारता गृहीत धरलेली गोष्ट पुढे कोणीच तपासणार नाही, हे त्यामागचे कारण होते. प्रश्न विचारता यावेत म्हणून व्यवस्थापक शेजारच्या खोलीत बसून होते, आणि त्यांना केव्हाही विचारता येईल हे सर्वांना सांगितले होते.

उमेदवारांनी काय केले

नागपूरहून आलेला उमेदवार एका सॉफ्टवेअर कंपनीत काही वर्षे काम केलेला होता. पहिले काम त्याने एआय साधनाच्या मदतीने फार लवकर संपवले. कोड नीटनेटका होता, सोबत चाचण्याही लिहिलेल्या होत्या. परंतु अर्ध्या टक्क्याची कपात त्या प्रमाणात करायची आणि दर आधी पैशांपर्यंत गोल करायचा, या दोन्ही गोष्टी त्याने गृहीत धरल्या होत्या आणि त्या गृहीत धरल्याची नोंदही कोठे नव्हती. दुपारी विचारल्यावर “ते तसंच असतं ना सर,” असे उत्तर आले. दुसऱ्या कामात मात्र त्याच्या जवळपासही कोणी नव्हते. कोड उघडल्यावर काही मिनिटांतच त्याने कारण ओळखले. पट्टी क्रमांकावर युनिक बंधन (एकच क्रमांक दोनदा येऊ न देणारे) घालावे आणि क्रमांक देण्याचे काम डेटाबेसकडे सोपवावे, असे त्याने लिहिले. आधीच्या दुबार नोंदी दुरुस्त केल्याशिवाय ते बंधन बसणारच नाही, आणि ते काम काटा बंद असताना करावे, हेही त्याने स्वतःहून लिहिले. असे उत्तर चालू प्रणालीत हात घातलेल्या माणसाकडूनच येते.

पांढरकवड्याहून आलेली उमेदवार स्थानिक महाविद्यालयातून संगणकशास्त्रात बी.एस्सी. झालेली होती. तिने ‘आपले सरकार’ सेवा केंद्रावर काम केले होते आणि तेथील पावत्यांसाठी पीएचपीत एक लहान प्रणाली स्वतः लिहिली होती. कागद वाचून ती प्रथम व्यवस्थापकांकडे गेली. अर्धा टक्का धरायचा की सोडायचा, आणि गोल कधी करायचे, हे दोन प्रश्न आम्हाला अपेक्षित होते. तिसरा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नव्हता: “काका, १२ च्या वर ओलावा निघाला तर गाडी परत जाते. पण तोवर भरलेल्या गाडीचं वजन तर झालेलं असते. त्या गाडीची नोंद ठेवायची की पुसायची? तीच गाडी माल वाळवून दोन दिवसांनी आली तर?” व्यवस्थापकांनी उत्तर द्यायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून त्यांनी दोन संचालकांना बोलावून घेतले, कारण कंपनीने याबद्दल कधी काही ठरवलेलेच नव्हते.

तिचा कोड हळू तयार झाला. आधी तिने फ्लोट वापरला, मग ८, ८.१, १२ आणि १२.१ या चार सीमारेषांवरची उत्तरे वहीत हाताने काढून पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहिली, तफावत दिसल्यावर सगळा हिशोब पूर्णांकात आणला. तिसऱ्या तक्रारीचे कारण तिने जवळजवळ वाचताक्षणीच सांगितले, कारण सेवा केंद्रावर मोबाइलवरून आणि संगणकावरून भरलेल्या अर्जांत तिला हेच भोगावे लागले होते. मूळ नाव बदलू नये, सातबाऱ्याप्रमाणे आहे तसे राहू द्यावे, शोधासाठी एकसारखे केलेले रूप वेगळ्या रकान्यात ठेवावे आणि शक्यतो सभासद क्रमांकानेच शोधावे, असा उपाय तिने लिहिला. दुसऱ्या कामात मात्र ती अडली. लिपिकाने बटण दोनदा दाबले असावे, एवढ्यावरच तिचा तर्क थांबला. काटे दोन आहेत याची आठवण करून दिल्यावर ती कारणाच्या जवळ आली, उपायापर्यंत मात्र पोहोचली नाही.

यवतमाळच्या एका नवपदवीधर उमेदवाराची सकाळची उत्तरपत्रिका चांगली होती आणि दुपारी समितीसमोर त्याला स्वतःचे नावही धड सांगता येईना. पहिल्या वेळच्या पद्धतीत तो पहिल्याच फेरीत बाद झाला असता. त्याचे लेखी गुण तसेच ठेवून बोलण्याचा भाग व्यवस्थापकांसोबत एकट्याने पुन्हा घेतला, तेव्हा त्याने बरे काम केले; अनुभव कमी पडला. आणखी एका उमेदवाराकडे प्रमाणपत्रे पुष्कळ होती, परंतु एआय साधनाकडून घेतलेल्या कोडमधील कोणतीही ओळ काय करते हे त्याला सांगता आले नाही.

दुपारचा बदल साधा होता: दर गोल न करता अंतिम रक्कम एकदाच गोल करा. नागपूरच्या उमेदवाराच्या साधनाने तीनपैकी दोन ठिकाणी बदल केला, तिसरे राहिले, आणि त्याच्याच चाचणीने ती चूक पकडली. त्याने ती शांतपणे दुरुस्त केली. पांढरकवड्याच्या उमेदवाराचा हिशोब एकाच जागी लिहिलेला होता, त्यामुळे तिला एकच ओळ बदलावी लागली.

गुण आणि मतभेद

चर्चेआधी प्रत्येक सदस्याने आपापले गुण स्वतंत्रपणे लिहून दिले. बेरीज केल्यावर पहिल्या दोघांत फरक फार थोडा होता आणि पांढरकवड्याची उमेदवार पुढे होती. त्यानंतर जे आक्षेप आले, ते दोन्ही गुणपत्रिकेबाहेरचे होते. नागपूरचा मुलगा येथे टिकणार नाही, असे एकाचे म्हणणे पडले. मुलगी रात्रीच्या काट्यावर कशी थांबेल, असे दुसऱ्याने विचारले. दोन्ही आक्षेप अंदाजावर उभे होते आणि ते अंदाज पत्त्यावरून व लिंगावरून बांधलेले होते, म्हणून ते मान्य करू नयेत असे मी स्पष्टपणे सांगितले. त्याऐवजी दोघांनाही एकच प्रश्न विचारला: हंगामात रात्री काम पडेल, त्यासाठी तुम्हाला कंपनीकडून काय सोय हवी? तिने गावात राहण्याची खोली आणि रात्री सोडायला गाडी मागितली. त्याने आठवड्यातून तीन दिवस नागपूरहून काम करण्याची परवानगी मागितली. पहिली मागणी कंपनीला पुरवता येत होती. दुसरी मान्य करायची तर काट्यावर कोणीच उरत नव्हते.

तांत्रिक खोलीत नागपूरचा उमेदवार वरचढ होता, हे माझे मत मी निवड टिपणात लिहिले. चार प्रोग्रामर असलेल्या कार्यालयात मी त्याचीच शिफारस केली असती. येथे नियम ठरवणारे आणि कोड लिहिणारा यांच्यामध्ये दुसरे कोणीच नसल्यामुळे, न विचारता धरलेले गृहीतक हा जास्त मोठा धोका होता, आणि परीक्षेआधी ठरवलेले वजन निकाल पाहून बदलणे मला मान्य नव्हते. तिची निवड झाली. पट्टी क्रमांकांची दुरुस्ती हंगामापूर्वी बाहेरच्या तज्ज्ञाकडून, तिला सोबत बसवून करून घ्यावी, अशी अट टिपणात घातली आणि कंपनीने ती पाळली.

हंगामात

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये झाला आणि दर बदलताना हिशोबाची जागा एकच असल्याचा फायदा लगेच मिळाला. अर्धा टक्का त्याच्या प्रमाणात धरायचा आणि फक्त अंतिम रक्कम गोल करायची, असा निर्णय संचालक मंडळाने घेतला आणि तो काट्याच्या खोलीत मराठीत लिहून लावला. परत पाठवलेल्या गाड्यांची वेगळी नोंदवही प्रणालीत आली, त्यामुळे वाळवून पुन्हा आणलेल्या मालाचा आधीचा ओलावा लिपिकाला दिसू लागला आणि “परवा तर बाराच होता” यावरून होणारे वाद कमी झाले.

परीक्षेत दिसलेली उणीवही हंगामात दिसली. काट्याचा दर्शक आरएस-२३२ या तारेच्या जोडणीतून संगणकाला वजन पाठवतो. एका संध्याकाळी दुसऱ्या काट्याचे वजन अर्धवट येऊ लागले. दोन कामे एकाच वेळी चालू असताना कोणते आधी पूर्ण होते, याच जातीची ती अडचण होती. तिला कारण शोधायला वेळ लागला आणि तोवर त्या काट्यावर हाताने पट्ट्या लिहाव्या लागल्या. तिने ते लपवले नाही. हिशोबनिसाला लगेच सांगितले, हाताच्या पट्ट्यांना वेगळी मालिका दिली आणि दुसऱ्या दिवशी त्या प्रणालीत भरल्या.

या एका प्रकरणावरून पद्धत सिद्ध झाली असे म्हणता येणार नाही. न निवडलेल्या उमेदवारांनी येथे कसे काम केले असते, हे पाहण्याची सोयच कोणत्याही निवडीत नसते. शिवाय बाहेरचा तांत्रिक सदस्य मिळाला नसता तर दुसऱ्या कामाचे गुण देणारे समितीत कोणी नव्हते, आणि तालुक्यातील बहुतेक लहान संस्थांची अडचण नेमकी तीच आहे. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील शिक्षकांनी किंवा शेजारच्या उत्पादक कंपनीतील प्रोग्रामरने मानधन घेऊन असे एक दिवसाचे काम करावे, अशी व्यवस्था उभी राहिल्यास ती मला फार उपयोगाची वाटते.

कंपनीला आता एक सहायक प्रोग्रामर नेमायचा आहे. ओलाव्याचा प्रश्न परिसरातील महाविद्यालयांत पसरला असल्यामुळे तो पुन्हा वापरता येणार नाही. नवे काम या हंगामातील तक्रारींतून तयार होत आहे: सातबाऱ्यावर तीन भावांची नावे आहेत, उचल एकाने घेतली, कापूस दुसऱ्याने आणला, आणि पैसे कोणाच्या खात्यातून किती वळते करायचे याबद्दल कागदावर दोनच ओळी आहेत. गुणपत्रिकेचा मसुदा निवड झालेल्या त्या प्रोग्रामरनेच लिहिला आहे. त्यात पट्टी क्रमांकांसारख्या एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या प्रश्नाला या वेळी दुप्पट वजन आहे, आणि गुण देताना तिच्यासोबत हिशोबनीस व बाहेरचा एक प्रोग्रामर असे तिघे असतील.